रोजचा वेग

ओस्त्रावा. जानेवारी. रात्रीचे दोन.
खिडकी बोटभर उघडी ठेवली आहे,
बाहेरचे उणे नऊ अंश आत ओढून
पंखा नातवाच्या प्रोसेसरवर फुंकर घालतोय.

क्वीडो रुसूनच झोपायला गेला.
त्याला ५.२ हवं होतं.
"चालू तर झाला ना, आजोबा!"
झाला. खरंय.
चालू होण्याचं मला कौतुक सांगू नकोस, बाळा.
सव्वीस वर्षं चार नंबरच्या शाफ्टवर
मी पिंजरा खाली-वर केला,
खेपेला चोवीस माणसं.
वर आली की माझ्या केबिनकडे न बघता
थेट आंघोळीला जायची.

दोराची ताकद ओझ्याच्या दहापट असे.
एकदा एक नवा साहेब म्हणाला,
नऊपट फुकट जातेय.
म्हातारा बेदनार्झ ग्रीसचे हात पुसत म्हणाला,
"फुकट नाही साहेब,
ती नऊपट संध्याकाळी घरी जाते, जेवायला."

वहीत रेघा मारल्यात.
पाच गिगाहर्ट्झ, १.३० व्होल्ट: अकरा मिनिटं, मग निळा पडदा.
१.३२: चाळीस मिनिटं. पडदाही नाही, नुसता काळोख.
१.३५: तग धरला,
पण त्र्याण्णव अंश,
आणि खोलीभर तापल्या इस्त्रीचा वास.
तेव्हाच क्वीडो म्हणाला होता, अजून थोडं दे की.

थोडं.
या शब्दाला मी चेहऱ्यानं ओळखतो.

मेहुणा झ्बीन्येक तोंडावरची पट्टी थोडी खाली सरकवायचा,
दम लागत नाही, हात भरभर चालतो म्हणून.
चाळिशीत तो दोन जिने एका दमात चढला,
पन्नाशीत एक,
मग शेजाऱ्यांनी मधल्या वळणावर खुर्ची ठेवली.
जास्तीचं व्होल्टेजही असंच, लगेच काही करत नाही.
आतल्या केसाहून बारीक वाटा झिजवत राहतं,
आणि दोन वर्षांनी तोच प्रोसेसर त्याच वेगासाठी
जरा जास्त मागतो,
मग आणखी जरा.
मग मागत नाही.

म्हणून उतरलो. ४.८ वर, १.२५ ला.
ओझं पडलं की हे व्होल्टेज किंचित खाली वाकतं.
ते ताठ ठेवायची सोयही आहे मदरबोर्डात,
मी ती मधेच ठेवली.
ओझ्याखाली जे मुळीच वाकत नाही
त्याच्या शेजारी मला झोप लागत नाही.

द्राहोमीरा पाणी प्यायला उठली.
"तुटलं का काही?"
"नाही."
"मग झोप की!"
"तुटलं नाही म्हणूनच जागा आहे."
तिनं दिवा घालवला, मुद्दाम,
आणि मी पडद्याच्या उजेडात आकडे मोजत राहिलो.

सातव्या तासाला एक चूक.
पाचव्या कोअरमध्ये, एकच.
यंत्र थांबलं नाही, कुणाला कळलंही नसतं.
कोट्यवधी बेरजांत एक बेरीज चुकली, बस.
मी खुर्चीत मागे टेकलो,
आणि उगाचच मोठ्यानं म्हणालो, चोवीसातला कितवा?

४.७.
१.२५ तसंच राहू दिलं.
क्वीडोच्या कार्टूनमधली कबुतरं
आता चार मिनिटं उशिरा उडतील.
उडोत.

पुढची रात्रही बसलो. सकाळ झाली तेव्हा
बारा तास, चूक शून्य, अंश एकाहत्तर.
वहीत शेवटचा आकडा लिहिला,
खाली रेघ मारली,
तारीख घातली, सही केली,
सवय.

क्वीडो आला, पाव चावत बसला,
फाइल उघडली, कबुतरं लावली उडायला.
वेग विचारला नाही.
मान वर न करता म्हणाला,
"आजोबा, दूध संपलंय."