समकक्ष

रकाना सहा : मिळालेले गुण, किती पैकी किती.
रुमाना सरखोतकडे नुसती अक्षरं आहेत.
दोन ए, चार बी, एक सी.
शाळा मोंबासाची, परीक्षा विलायतेची,
कागद जाड, उजेडात धरला की आत पुसट मुकुट दिसतो,
आणि मी दाभोळच्या ज्युनिअर कॉलेजची कारकून.
माझ्या टेबलावर कॅल्क्युलेटर, खळीची बाटली
आणि दमट हवेनं फुगलेलं मागल्या वर्षीचं परिपत्रक.

परिपत्रकात तक्ता आहे. झेरॉक्सची झेरॉक्स.
ए म्हणजे ऐंशी ते एकोणनव्वद,
बी सत्तर ते एकोणऐंशी,
सी साठ ते एकोणसत्तर.
तळटीप : खालची मर्यादा धरावी.
का धरावी, ते झेरॉक्समध्ये उडालं असेल.

खालची धरली : एकाहत्तर पॉइंट त्रेचाळीस.
मधली धरली : पंच्याहत्तर पॉइंट त्र्याण्णव.
वरचीही धरून पाहिली, उगाच : ऐंशीच्या पार.
पोरगी तीच. खिडकीपाशी उभी,
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

विज्ञानाची एकच जागा उरली आहे
आणि तिथं हर्षद जांभळे उभा आहे,
चौऱ्याहत्तर पॉइंट वीस.
त्याचे ते वीससुद्धा मी ओळखते.
पहाटे जेटीवर बर्फ फोडायचा, मग भूमिती.
सुजलेल्या बोटांत धरलेला कंपास मी पाहिला आहे.
त्याच्या हातातून काढून हिच्या हातात ठेवायचं,
तर तो न्याय कुठल्या रकान्यात लिहू?

सातवा विषय कुठला गं?
स्वाहिली.
आमच्या रजिस्टरात स्वाहिलीला संकेतांक नाही.
आंब्याला काय म्हणतात त्यात?
विचारायचं म्हणून विचारलं.
एम्बे.
गाडीला? गारी.
दुकानाला दुका. चहाला चाय.
विम्याला बिमा, हे तिनं आपणहून सांगितलं,
वडिलांच्या बिमाचे कागद तीनच भरत होती चार महिने.
मी पेनाचं टोपण लावलं.
हे शब्द कधीतरी इथल्याच गलबतांतून गेले असतील,
ना शिक्का, ना दाखला,
आणि तिकडे कुणी त्यांना टक्के विचारले नाहीत.

संध्याकाळी यमुना पालशेतकरकडे बांगडे घेतले.
तिच्याकडे काटा नाही. वाटे मांडते.
एक वाटा आठांचा, शेजारी सहांचा, भाव एकच.
असं कसं गो?
हे सहा हातात तर घेऊन बघ.
घेतले.
जड होते.

रत्नागिरीला मंडळाकडे प्रकरण पाठवलं.
अठराव्या दिवशी उत्तर आलं :
सदर परीक्षा इयत्ता दहावीशी समकक्ष समजण्यात येत आहे.
समजण्यात येत आहे.
कोण समजतंय, ते नाही.
किती टक्के, तेही नाही.

मग मी रकाना सहामध्ये अक्षरंच लिहिली,
जशीच्या तशी, निळ्या शाईनं,
आणि दोन्ही अर्ज एकाच टाचणीत अडकवून
प्राचार्यांपुढे ठेवले. एकशे एकविसावी जागा मागितली.
रेडीजसर बराच वेळ चष्मा पुसत बसले.
परवानगी?
मागू.
आणि बाक?

बाक पलीकडून आलं, धोपाव्याच्या शाळेनं टाकून दिलेलं,
फेरीबोटीत दोन मोटरसायकलींच्या मधे आडवं,
वर एक माणूस बिडी ओढत बसलेला.

परवानगी अजून आलेली नाही.
बाकाचा एक पाय तोकडा आहे.
हर्षदनं वहीच्या पुठ्ठ्याची घडी खाली सरकवली,
रुमानानं दोन्ही तळवे टेकून हलवून पाहिलं.
अजून थोडं, म्हणाली.