होलिगी

नर्सबाई म्हणाली, होलिगी हाकबेकु,
आणि मला ऐकू आलं होळिगी. पुरणपोळी.
कळांनी रात्र काढलेली, भूक खरीच होती.
मी मान हलवली.
मग सुई दिसली.

टाके किती, कुणी सांगितलं नाही.
चौथ्या पायरीपर्यंत फाटलं होतं
हे दोन वर्षांनी कळलं, बेळगावात.

तोवर उचगावहून बस धरायची म्हणजे
संडास मोजायचे :
हिंडलग्यात एक, सीबीटीत एक,
मधे कॅम्पातली नुसती झाडं.
हळदीकुंकवाला गेले नाही.
हसले ते पाय आवळून.
सासूबाई म्हणायच्या, बाळंतपणानंतर सगळ्यांचंच असं.
सगळ्यांचं?
मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्या हसताना.
त्याही आवळत होत्या.

आता पुन्हा आठवा.
हुक्केरी मॅडम आकडा सांगतात :
शंभरात सहा-सात जणी परत फाटतात,
बाकीच्या नीट घरी जातात.
पण मी शंभर बायका नाही.
मागच्या खेपेलाही
कुठल्यातरी शंभरातली एक मीच होते.

सिझर केलं तर दीड महिना ओझं नाही.
मैथिली तीन वर्षांची, अजून कडेवरच झोपते.
आणि रताळी काढायला येतील नेमकी तेव्हाच.
परशराम चप्पल घालता घालता म्हणतो, तुला वाटेल तसं.
चांगला आहे तो.
दार ओढून गेला.

कुदळ लागलेलं रताळं व्यापारी घेत नाही,
आम्ही घरी उकडतो.
तेच गोड लागतं, म्हणतात इकडे.
मला हे बोलणं हल्ली सोसत नाही.

काल चुलीपुढं सासूबाईंनी विचारलं, खाली बघूनच :
पोट कापलं की मग ते... तसं होत नाही?
म्हटलं, बरंचसं वाचतं.
किती वेळ राख सारत बसल्या.
मग म्हणाल्या, काप म्हणावं.
आमाला कुणी इचारलं न्हवतं.

फॉर्म कन्नडात आहे.
मी म्हटलं, मॅडम, वाचून दाखवा, एकेक ओळ.
भूल. रक्त. जोखीम. त्या मराठीत सांगत गेल्या,
एका शब्दाशी अडखळल्या.
हा राहू द्या, म्हटलं, हा येतो मला.
पुढचं वाचा.