शिळा भाव

बिरनाळ्यांची अडत, मार्केट यार्ड, सांगली.
रात्री पावणेदहाला एकेक तारीख फिरवत
मी भाव नावाच्या व्हेरिएबलला सांगत होते:
त्या दिवसाच्या सौद्यातला राजापुरीचा दर घे.
घेत होता. पट्ट्या छापल्या, घरी गेले.

सकाळी हरिपूरचे श्रेणिकअण्णा, पट्टी पुढं करून:
"अवसेला सौदा निघालाच न्हाई. ह्यो दर कुठनं आला?"

टेबलात त्या दिवसाची ओळच नव्हती.
प्रश्न रिकाम्या हातानं परतला,
भावाला शिवलाही नाही.
आत आदल्या दिवसाचा आकडा,
पेवाच्या तळाला राहून गेलेल्या
हळकुंडासारखा.
पिवळाधमक.

आता प्रत्येक तारखेआधी त्यात नल भरते.
अण्णांना सांगितलं, तर म्हणाले,
"भरती कसली?
पेव झाडून घेतीस म्हण."