क्रॉसिंग

जब्बारच्या भंगारात ते उताणं पडलं होतं
कुकरच्या झाकणाखाली, चाकं आभाळाकडं.
पत्र्याचं. एका अंगानं हिरवं, दुसऱ्या अंगानं गंज.
'वजनावर दे,' म्हणलो.
'मिस्त्री, खेळणं किलोनं नसतंय बगा,' म्हणला
आणि किलोनंच दिलं :
तीनशे ग्रॅम, बारा रुपये.

मी मोटारी भरतो, पूर्णा स्टेशनामागच्या गल्लीत.
जळालेल्या पाणबुड्या येतात, अंगाला बोरचा गाळ,
पोटातलं काळं तांबं काढायचं, नवं गुंडाळायचं.
त्यांच्या रांगेत हे उंदराएवढं ठेवलं
तर एक जण वाकून म्हणला, 'हे किती एचपीचं?'

आत चावीची स्प्रिंग होती, तुटलेली.
काढली. डबीत ठेवलीय, टाकवत नाही.
तिच्या जागी चंद्रकलाच्या लग्नातल्या टेपची मोटर,
जी कॅसेट गिळायची.
मोटर सुसाट; इंजिन फळीवरून उडून
थेट वार्निशच्या डब्यात.
मग भिंतीवरचं बंद घड्याळ उतरवलं,
त्यातलं दातेरी चाक मध्ये बसवलं.
'आता गाडी येळेवर येनार,' चंद्रकला म्हणली,
'पूर्णेत पैल्यांदाच.'

बाकी काही विकत घेतलं नाही.
नाही म्हणायला शिशाची तार, वीस रुपयांची,
पण ती दुकानाच्या खात्यात धरली.
चाकं घसरत होती, मागच्या जोडीला सायकलच्या ट्यूबचं कडं.
डावी-उजवीचा करंट एक होऊ नये म्हणून
आसावर पेनातल्या रिफिलची नळी.
पोटात शिसं, टायरवाल्या रंगनाथनं झाडून काढलेलं.
धुराड्याला टोपण. हिरव्याला नेलपॉलिश जुळेना,
म्हणून अर्धं इंजिन गुलाबी.

रूळ छत्रीच्या काड्यांचे. स्लीपर कुल्फीच्या.
त्या शेजारच्या मुबीनानं जमवल्या, चाटून, धुवून,
काडेपेटीनं माप घेत घेत चिकटवल्या
माझ्या आख्ख्या बेंचभर गोल.
आणि इंजिन ठेवलं तर
एक चाक रुळावर, एक अधांतरी.

काशीनाथ शंटर दुपारचा दुकानात बसायला येतो.
पेन्शनीत आहे, पण हात अजून झेंडी धरल्यासारखा.
बघितलं, आणि बराच वेळ बोलला नाही.
'गेज चुकलं तुमचं,' म्हणला.
मी पक्कड घेतली, आस ओढून चाकं फाकवायला.
त्यानं मनगट धरलं.
'हितं मोठी लाईन आली तवा
रूळ रुंद झाले. इंजिनं झाली नाहीत.
शेडमधी उभी होती रांगेनं, धुऊन पुसून,
मग कटर आला.
रूळच सरकव की बे. कुल्फीच्या काड्या तर हायेत.'

मुबीना चिडली. दोन दिवसांचं काम.
तरी गरम चाकूनं एकेक काडी सोडवली,
आणि तिघांनी मिळून लाईन अरुंद केली,
कुठल्याही बजेटात नसलेली.
काशीनाथ चष्मा वर-खाली करत, दर वीतभर अंतरावर,
'हां. हां. पुढं.'

नोकियाचा चार्जर, पिन कापलेला. बटण.
चाललं.
पाणबुड्यांच्या मधून, चहाच्या कपामागून,
अर्धं हिरवं, अर्धं गुलाबी,
घड्याळासारखं टिकटिकत.

एका जोडावर मात्र दर फेरीला अडतं.
काड्यांवर गंज, करंट तिथं पोचत नाही,
बोटानं ढकललं की पुढं जातं.
झाळून टाकतो म्हणलो, तर मुबीनानं तिथं
काडेपेटी उभी केली, वर पेन्सिलीनं : हॉल्ट.

त्याच वेळी ताडकळसचा माणूस दारात,
'मिस्त्री, मोटर झाली का? कवाचा थांबलोय.'
मी बोलणार,
तर काशीनाथनंच हात आडवा केला :
'दोन मिन्टं थांबा.
क्रॉसिंग हाय.'