आडवा हात

दुपारच्या फेरीबोटीत ती झोपली होती.
रायबंदर सुटलं की माणसं झोपतात,
दहा मिनिटांचं पाणी, पण झोपतात.
तोंड किंचित उघडं, मान लोखंडी खांबाला,
खुब्यांची रिकामी पाटी मांडीत
आणि तिच्यावर आडवा हात, जसा पोरावर ठेवतात.
उजेड तर असा की नाही म्हणवेना.

मी काढला. एकच.
चोडणचा धक्का लागायच्या आत खालची ओळही सुचली:
'थकव्यालाही एक तेज असतं.'
आता ती वाचली की कानशिलं तापतात.
संध्याकाळपर्यंत अकराशे त्रेचाळीस जणांना
ते तेज दिसलं.
एका बाईंनी रडका चेहरा टाकला,
कुणी विचारलं, कॅमेरा कुठला?
तिचं नाव कुणी विचारलं नाही.
मलाही माहीत नव्हतं, तेव्हा बरंच झालं.

मी विम्याच्या ऑफिसात बसते.
फॉर्म भरताना 'पूर्वीचे आजार' हा रकाना आला
की पलीकडच्या खुर्चीला दिसू नये म्हणून
तळहात आडवा धरते. वीस वर्षांची सवय.
तो हात त्या दुपारी कुठे होता,
हिशेब अजून लागलेला नाही.

कारण पाटी रिकामी नव्हती.
तळाशी, प्लास्टिकच्या घडीखाली,
बांबोळीच्या इस्पितळाची फाइल होती.
एक कोपरा बाहेर, कोपऱ्यावर विभागाचा शिक्का.
मला दिसला नाही. मिनेशला दिसला.
मिनेश तिचा मुलगा, मालवाहू बोटीवर.
कुठल्याशा बंदरात नेट आलं,
गावातल्या कुणी पाठवलेला फोटो आला,
दोन बोटांनी त्याने आई मोठी केली,
आणखी मोठी केली,
फुटून चौकोन चौकोन होईपर्यंत,
मग शिक्का वाचला.

बुधवारी तिने मला धक्क्यावर गाठलं.
'बाय, तूंच मगो ती?'
ओरडली असती तर सोपं गेलं असतं.
सांगत राहिली:
बोट मुंबईला लागली, तो घरी आला,
पोटभर जेवला, की मग सांगणार होती.
शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते.
ते आता कशाला लागायचे.

मी फोटो पुसला, तिच्या देखत.
पुसल्यावर तिथे काय उरतं, तिने विचारलं.
मला सांगता आलं नाही.

त्या रात्री माझाच फोटो बघत बसले,
गोल चौकटीतला, निळ्या साडीतला, सहज हसलेला.
सव्वीस काढले होते, भाचीला उन्हात उभी करून.
हनुवटी, मग दात, मग पोट, मग पुन्हा हनुवटी.
सव्वीसांतून एक 'सहज'.
गुणवंतीला मी झोपेतला एक दिला होता.

परवा ती आली. पाटी नाही,
केसांत अबोलीचा वळेसर.
शेजारी बसली. 'काढ आतां.'
पहिला दाखवला. मान हलवली. 'दुसरो.'
पाचवा. अकरावा.
पलीकडचा काठ आला, गाड्या उतरल्या,
आम्ही उतरलो नाही,
तशाच बसून परतीला लागलो.
सतराव्यात तिला ती सापडली.
'मिनेशाक धाड. ताकाच.'
पाठवला. खाली एकच करडी खूण,
बोट समुद्रात असेल.
'तुज्याकडचो पुसून उडय.'
पुसला.

हे लिहिताना नावं बदललीत,
तिचं, मुलाचं, वळेसरातलं फूलसुद्धा.
पाटी बदलायला हवी होती. जमलं नाही.
तिला विचारलंय का?
नाही. अजून नाही.
आणि मघाची एक ओळ चांगली उतरलीय असं वाटतंय,
भीती त्याचीच आहे.

उद्या आठ-वीसच्या फेरीला कागद घेऊन जाईन.
चष्मा घरी विसरते ती, म्हणून वाचून दाखवीन,
हळू आवाजात,
शेजारच्या बाकाच्या बाजूने
तळहात आडवा धरून.