शून्याचा बल्ब

आधी पायपुसणं गेलं,
मग वाकळ,
मग धाकट्याचं भूगोलाचं पुस्तक,
नेमकं नद्यांच्या पानावर उघडं पडलेलं.
चौदा वर्षांत लवंगीनं कधी केलं नव्हतं ते केलं:
डब्याला पाठ दाखवली.

डबा नवा, काठ उंच,
आत दुकानातले लव्हेंडर वासाचे खडे,
पाकिटावर हसणारं परदेशी मांजर.
जुनं घमेलं मीच भंगारात दिलं होतं.
त्यात आण्णांची वाळू असायची, फौंड्रीतली,
साच्यात न गेलेली, कोरडी, पिठासारखी.
रिटायर झाल्यावरही दर पंधरवड्याला
ते उद्यमनगरातनं पिशवीभर घेऊन यायचे.
गुडघे गेले आणि वाळू थांबली.

मी ओरडले.
एकदा तिचं नाक धरून ओल दाखवलीही.
ते अजून बोटांना लागतं.
मुल्लाणी भाभी म्हणाल्या, संत्र्याच्या साली टाक.
दूधवाला म्हणाला, कापूर.
आण्णा कॉटवरनं म्हणाले,
"म्हातारी झाली ती. सोडून ये जा
बावड्याच्या फुडं, नदीपल्याड."
आणि जरा थांबून,
"नको. ऱ्हाऊ दे."

शाहूपुरीत डॉक्टर हुक्केरींनी
तिच्या पोटावर चार बोटं ठेवली, ऐकत असल्यासारखी.
डब्यात जाऊन नुसती बसते का?
बसल्यावर ओरडते का?
डबा कुठं असतो?
वॉशिंग मशीनशेजारी, मी म्हणाले.
मशीन फिरताना ती डब्यात सापडली होती का कधी?
मला काय माहीत. मी तेव्हा शाळेत,
दुसऱ्यांची पोरं मोजत.

"ताई, मांजर सूड घेत नाही.
हिला लघवीला आग होतीय. कंबर धरलीय,
काठ चढताना कळ येते.
दुखतं ते डब्यात, म्हणून हिला वाटतं
डबाच चावतोय.
एक रात्र ठेवा इथं."

ठेवली.

पहाटे उठले तर
आण्णांच्या कॉटपासून मोरीपर्यंत जमीन ओली.
आधी थेंब, मग बशीएवढं,
मग मोरीच्या उंबऱ्याशी,
दोन पावलं अलीकडं, सगळंच.
आण्णा भिंतीकडं तोंड करून जागे होते.
"तुजी मांजर," ते म्हणाले.
कोपऱ्यात लवंगीची टोपली रिकामी,
दोघांनाही दिसत होती.
"व्हय आण्णा," मी म्हटलं,
"लई खोडकर झालीया. पुसतो मी."
फडकं पिळताना नळ जरा मोठा सोडला.

व्हिनेगर, कोमट पाणी, बादली.
गेले दोन महिने या एका फडक्यानं
मी कुणाकुणाचं पुसत होते
ते आठवायला बसले,
आणि आठवू नये म्हणून उठले.

लवंगी गोळ्या घेऊन परतली.
घमेलं नवं आणलं, उथळ,
मशीनपासून लांब, दाराआड.
आणखी एक कॉटच्या पायथ्याशी.
उद्यमनगरात म्हटलं, नेर्लेकर मिस्त्रींची सून मी.
पोरानं पोतं भरून दिलं,
पैशाला हात लावला नाही.

मग वायरमन बोलावून
मोरीच्या वाटेवर शून्याचा बल्ब लावून घेतला,
आणि भिंतीला स्टीलचा दांडा.
"ह्ये कशापायी?"
"लवंगीसाठी. रातचं दिसत न्हाई तिला."

आण्णांनी दांड्याकडं पाहिलं.
तो बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीवर होता.
"मांजराला अंधारात दिसतंय गं,
मास्तरीण हाईस नि एवढं ठावं न्हाई?"
मग वाकले, कण्हत,
घमेल्यातली चिमूटभर वाळू घेऊन
अंगठ्यानं चोळली,
नाकाशी नेली.
"ओल हाय हिच्यात," ते म्हणाले.
"उन्हात घाल आधी."