काठावरची ओळ

पेम्बा बेटावर, वेते गावातल्या आमच्या गल्लीत
बायका नवऱ्याशी भांडत नसत.
कांगा बदलत.

कमरेला एक सुती कापड, डोक्यावरून तसलंच दुसरं,
आणि दोन्हींच्या खालच्या काठावर छापलेली एक ओळ.
नवरीला संसार शिकवणारी म्हातारी, आमची सोमो,
लग्नाच्या आदल्या रात्री म्हणे एवढंच सांगते:
तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही, पोरी.
कापड निदान धुता येतं.

बी झुवेनाला मेहेरात लवंगेचं एक झाड मिळालं होतं.
त्या वर्षीचे झाडाचे पैसे
फकीने भावाला देऊन टाकले, शिडासाठी.
तिला विचारलं नाही.
तिनेही विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी नवाकोरा लाल कांगा नेसून
ती त्याच्यासमोरून तीनदा गेली.
एकदा पाण्याला,
एकदा चटईवरच्या लवंगा उलटायला,
एकदा तर कशालाच नाही.

फकी होड्या बांधायचा. कुराणाची अक्षरं त्याला येत,
ही शाळेतली नाहीत, असं तोच सांगायचा.
मी आठ वर्षांचा, वाचनात वर्गात पहिला.
शेंगदाण्याच्या काशाटाची एक वडी हातावर ठेवून म्हणाला,
"मकामे, वाच रे. पण हळू. गल्लीला ऐकू जायला नको."
गल्लीला ते सकाळपासून पाठ होतं.

काठावर लिहिलं होतं:
वल्ही दोघांची, नाव एकट्याची.

मी त्याच्याकडे पाहिलं.
भुवयांवर भुसा,
आणि शिक्षा ऐकायला उभं राहिलेल्या पोरासारखे
गुडघ्यांना चिकटवलेले हात.
लोक ध चा मा करतात.
मी त्या दुपारी मा चा ध केला.
"नाव थांबलीय," मी वाचलं, "तुझं वल्हं घेऊन ये."

तो बराच वेळ बसून राहिला.
मग उठला, आणि भर उन्हात,
सगळी गल्ली बघत असताना,
ओणवा होऊन तिच्या लवंगा उलटू लागला.
आठवड्याने भावाकडून निम्मे पैसे आले.
उरलेल्या निम्म्यांबद्दल मला माहीत नाही.
त्या रात्री त्यांच्याकडून नारळात शिजलेल्या माकुळाचा वास आला
एवढं पक्कं आठवतं.

पुढे मी असे अकरा कांगे वाचले.
अकराही खोटे.
तुझ्यावाचून माझं काही अडत नाही
हे वाचताना तर "काही" एवढंच गाळलं, आणि "नाही".

माझ्या लग्नात बी झुवेना आली, दात गेलेली,
काखेत कांग्याची जोडी, अजून न कापलेली,
दोन कापडं एकाच अंगाची.
म्हणाली, "भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं हो.
आधी तुझा राग आला.
मग तू वाचायचास तसली ओळ
दुकानात शोधत फिरले. कुठेच नव्हती.
शेवटी कडूच घ्यायचे,
आणि गोड करायचं तुझ्यावर सोपवायचे."

मी विचारलं, फकीबाबांना कधी कळलं नाही?

तिने जोडी माझ्या मांडीवर ठेवली,
हाताने सारखी केली.
"चाळीस वर्षं नावा बांधल्या त्याने.
प्रत्येक नावेवरचं नाव
कोण रंगवायचं, असं वाटतं तुला?"

आज सकाळपासून नासरा पिवळा कांगा नेसून
माझ्यासमोरून दोनदा गेली आहे.
काल तिच्या आईसमोर मी जे बोललो
ते बोलायला नको होतं.
ओळ मोठ्या अक्षरांत आहे. मला वाचता येते.
ती तिसऱ्यांदा यायच्या आत
मी काशाटाची वडी कागदात बांधतो
आणि शेजारच्या पोराला हाक मारतो.